झिजलेल्या तबकडीची किंमत

हिप-हॉप या न्यू यॉर्कमध्ये जन्मलेल्या संगीताचा जनक मानला जाणारा डीजे कूल हर्क आपल्या रेकॉर्डींची लेबलं पाण्यात भिजवून काढून टाकायचा. मधला कागद सुटला की तबकडीला नाव-गाव काही उरत नसे. दुसऱ्या गल्लीतला डीजे खांद्यावरून कितीही डोकावला तरी गाणं कुणाचं, कंपनी कुठली, त्याला पत्ता लागू नये, एवढाच हेतू. युक्ती त्याची स्वतःची नव्हती. तो मूळचा जमैकातल्या किंग्स्टनचा, पाळण्यातलं नाव क्लाइव्ह कॅम्पबेल, आणि तिकडच्या साउंड सिस्टिमवाल्यांत, म्हणजे मोठे स्पीकर लावून नाचाच्या पार्ट्या करणाऱ्यांत, लेबल खरवडायची रीत जुनीच होती. आपल्याला याचं नवल वाटू नये. चीज अर्धीच शिकवणारे, समोर दुसऱ्या घराण्याचा शिष्य दिसला की अंतरा गिळून टाकणारे बुवा आणि खाँसाहेब आपल्या गाण्याच्या गप्पांत जागोजागी भेटतात.

पण हर्कने नाव लपवलं, गाणं नाही. 11 ऑगस्ट 1973 ला न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातल्या 1520, सेजविक अव्हेन्यू या इमारतीच्या हॉलमध्ये त्याच्या बहिणीने, सिंडीने, शाळा उघडण्याआधीची पार्टी ठेवली. मुलींना 25 सेंट, मुलांना 50. ते देऊन जो आत आला त्याच्या कानांवर ती गाणी धो-धो कोसळली. आज हिप-हॉपच्या दुर्मिळ रेकॉर्डी जमवणाऱ्यांचं बरोबर उलटं चाललं आहे. लेबलचा झकास फोटो, शेवटच्या खाचेपलीकडे कोरलेला नंबर, साल, कारखाना, सगळं जगाला दाखवलं जातं. ऐकायला मात्र मिळत नाही, कारण सील फोडलं की भाव उतरतो. न्यू जर्सीत नोकरीला होतो तेव्हा एका दुकानात भिंतीवर टांगलेली एक बारा इंची रेकॉर्ड मी वाजवून दाखवायला सांगितली. दुकानदार माझ्याकडे असा बघायला लागला, जणू मी सोन्याचं वळं चावून बघू का, असं विचारलं होतं.

या माणसांची टिंगल करायचा माझा इरादा नाही. त्यांच्याशिवाय यातलं बरंचसं कचऱ्यात गेलं असतं. माझं भांडण भाव ठरवण्याच्या पद्धतीशी आहे, आणि त्या भावाला इतिहासाचा दाखला मानण्याशी.

ब्रेक म्हणजे गाण्यातली अशी जागा, जिथे गायक आणि बाकीची वाद्यं गप्प होतात आणि ड्रम, फार तर जोडीला बास, एवढंच उरतं. काही सेकंदांचा मामला. नाचणारी मुलं याच जागेची वाट बघत भिंतीला टेकून उभी राहतात, हे हर्कने हेरलं. मग त्याने एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलांवर चढवल्या. एकीवरचा ब्रेक संपतो न संपतो तोच दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली मागे नेऊन तयार. सेकंदांची मिनिटं झाली. ग्रँडमास्टर फ्लॅश या ब्रॉन्क्सच्याच दुसऱ्या डीजेने यात शिस्त आणली. ब्रेक कुठे सुरू होतो तिथे तो तबकडीवरच रंगीत क्रेयॉनने खूण करायचा आणि किती फेरे उलटे फिरवायचे ते मोजायचा. टर्नटेबलच्या रबरी मॅटवर तबकडी हाताला सहज येईना, तेव्हा त्याने फेल्टचा गोल कापला. आई शिवणकाम करणारी, त्यामुळे कापडांची जाण घरातलीच. त्या गोलाला स्टार्च मारून त्याने इस्त्रीखाली पापडासारखा कडक केला. आज डीजेच्या टर्नटेबलवर जो स्लिपमॅट दिसतो, तो त्या पापडाचाच वंशज.

या सगळ्यात तबकडीचं काय होतं? सुई खाचेत टेकलेली आणि वरून हाताने मागे-पुढे, मागे-पुढे, रात्रीमागून रात्री. तेवढ्याच जागेतली खाच झिजते. ब्रेकच्या अलीकडे तापल्या तव्यावर पाणी शिंपडावं तसा चर्र आवाज येतो. जमवणारे त्याला ‘क्यू बर्न’ म्हणतात आणि बाजारात तो दोष धरतात. लेबलवर कुणी मार्करने नाव लिहिलं असेल, तोही दोष. क्रेयॉनची खूण हा दोष, स्टिकर हा दोष, कव्हरचा कोपरा पिशवीतून नेता-आणताना मऊ पडला तर तोही. एकेका दोषागणिक ‘मिंट’, म्हणजे अगदी कोरी, यावरून ‘निअर मिंट’, तिथून ‘व्हेरी गुड प्लस’, अशी पायरी उतरत जाते आणि तिच्यासोबत किंमतही.

म्हणजे या हिशेबात सर्वांत मोलाची प्रत कुठली? जी कुठल्याही पार्टीला गेली नाही, जिच्यावर कुणी नाचलं नाही, जी गोदामात खोक्याच्या तळाशी पडून राहिली ती. हिप-हॉपशी जिचा प्रत्यक्ष संबंध सर्वांत कमी आला, तीच हिप-हॉपचा दुर्मिळ ठेवा म्हणून काचेत बसते. आजीच्या पाट्यावर कधी चटणीच वाटली नाही म्हणून त्याला जास्त पैसे मोजावेत, तसला हा प्रकार.

यावर जाणकार एक रास्त गोष्ट सांगतील, आणि ती मला मान्य आहे. मूळ ध्वनिफिती सांभाळण्याचं भान छोट्या कंपन्यांना नव्हतं, ऐपत तर नव्हतीच. जिथे काही सांभाळलं होतं तिथेही नशीब आड आलं. न्यू जर्सीतल्या एंगलवूडचा शुगर हिल या हिप-हॉपच्या रेकॉर्ड कंपनीचा स्टुडिओ 2002 मध्ये आगीत गेला. फीत नसेल तर पुनर्मुद्रण करायचं कशावरून? कुणीतरी जपलेल्या स्वच्छ तबकडीवरूनच. तेव्हा न झिजलेली प्रत लागतेच. पण ती लागते आवाज उतरवून घेण्यासाठी. तोच कुणी उतरवू देत नसेल, तर ती स्वच्छता काय कामाची? आणि झिजलेली प्रत वेगळ्याच कारणाने हवी: कुठल्या गाण्याचे कुठले सेकंद त्या मुलांनी निवडले, याचा लेखी नसलेला पुरावा त्या झिजेतच आहे. अभ्यासकाने सूक्ष्मदर्शक घेऊन बसावं अशी ती जागा. बाजार नेमकी तीच कवडीमोल ठरवतो.

आणखी एक गफलत आहे. रेकॉर्ड जमवणारे ‘सुरुवातीचं हिप-हॉप’ म्हणतात तेव्हा त्यांच्या मनात 1979 असतं. त्या वर्षी फॅटबॅक बँडच्या एका रेकॉर्डच्या दुसऱ्या बाजूला रॅप आलं, आणि पाठोपाठ शुगरहिल गँगचं ‘रॅपर्स डिलाइट’. त्याआधीची सहा वर्षं तबकडीवर नाहीतच. ती आहेत पार्टीत टेपरेकॉर्डर ठेवून भरलेल्या, हातोहात फिरलेल्या, एकीवरून दुसरी उतरवताना आवाज विरत गेलेल्या कॅसेटवर. त्या जमवणारे मूठभर, कारण कॅसेटला लिलावाची शान नाही. गंमत अशी की ‘रॅपर्स डिलाइट’मध्ये डीजेच नाही. शीक या बँडच्या ‘गुड टाइम्स’ची चाल स्टुडिओतल्या वादकांनी नव्याने वाजवली आणि त्यावर तिघांनी साडेचौदा मिनिटं शब्द टाकले. ज्याच्या हातांवर ही कला उभी राहिली, तो हातच रेकॉर्डवर आला नाही. तो ऐकू यायला 1981 उजाडलं, तीन टर्नटेबलांवर फ्लॅशने केलेल्या रेकॉर्डपर्यंत. शब्दांचंही तेच. त्या तिघांपैकी बिग बँक हँकने म्हटलेल्या ओळी ग्रँडमास्टर कॅझ या ब्रॉन्क्सच्या रॅपरच्या वहीतल्या. त्या इतक्या तशाच्या तशा उचललेल्या की कॅझने स्वतःच्या टोपणनावाची अक्षरं सुटी करून रचलेली ओळही हँक निमूटपणे म्हणून जातो. शीकच्या नाइल रॉजर्स आणि बर्नार्ड एडवर्ड्स यांनी कोर्टाची भाषा केल्यावर त्यांची नावं रेकॉर्डवर आली. कॅझचं आलं नाही.

ही रेकॉर्ड आज कुणालाही स्वस्तात मिळते, कारण ती अफाट खपली. महत्त्वाचं आणि महाग यांचा परस्परांशी काही संबंध असलाच पाहिजे असं नाही, हे इथे उघडं पडतं.

महाग काय आहे? छोट्या कंपन्यांचं. हार्लेमच्या 125व्या रस्त्यावर बॉबी रॉबिन्सन यांचं रेकॉर्डचं दुकान 1946 पासून होतं. त्यांच्याच एन्जॉय या कंपनीने 1979 मध्ये फ्लॅश आणि त्याच्या फ्युरियस फाइव्ह या रॅपर्सच्या गटाची, त्यांच्या नावाने आलेली पहिली रेकॉर्ड काढली. गिऱ्हाईक काय मागतं ते काउंटरवर ऐकायचं आणि तेच छापायचं, असा सगळा खाक्या. पॉल विनली यांची कंपनी तर घरचीच: पत्नी अ‍ॅन निर्मितीत, टान्या आणि पॉलेट या मुली माइकवर. ब्रेक एकत्र करून त्यांनी काढलेल्या मालिकेच्या नावात ‘ब्रेक’चं स्पेलिंगही गाडीच्या ब्रेकचं पडलं. (मला ती चूक फार आवडते.) अशा माणसांनी जेवढे पैसे हाती असतील तेवढ्या प्रती काढल्या. दुर्मिळता तिथून आली. आज दिमाखात ‘मर्यादित आवृत्ती’ म्हणून मोजून तीनशे प्रती काढतात, ती कथा वेगळी. इथे मर्यादा होती ती खिशाची. रॉबिन्सन यांचं दुकान 2008 मध्ये त्या रस्त्याच्या पुनर्विकासात बंद झालं.

पुढे ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात गावोगावच्या पोरांनी पदरमोड करून काढलेल्या अनाम रेकॉर्डींना संग्राहकांनी एक नाव दिलं आहे: ‘रँडम रॅप’. रँडम कुणासाठी? पगारातून पैसे बाजूला टाकून शे-पाचशे प्रती काढणाऱ्या आणि त्या गाडीच्या डिकीतून विकणाऱ्या मुलासाठी त्यात रँडम काही नव्हतं. तीस वर्षांनी परदेशातल्या कुणाला ती खोक्यात अचानक सापडली, म्हणून ती रँडम. शब्द किरकोळ वाटेल, पण कुणाच्या डोळ्यांनी हे बघितलं जातंय ते त्यात कळतं.

भावाचं टोक बघायचं तर 1983 ची ‘बीट बॉप’ घ्या. रॅमेलझी आणि के-रॉब यांची ही रेकॉर्ड, टारटाउन नावाच्या लेबलवर, सुमारे पाचशे प्रती. निर्मिती आणि कव्हर जाँ-मिशेल बास्किया या नामवंत चित्रकाराचं. काळ्यावर पांढऱ्या रेघांतलं ते कव्हर त्याने स्वतः काढलेलं, म्हणून ही तबकडी आता रेकॉर्डच्या दुकानातून निघून चित्रांच्या लिलावात जाऊन बसली आहे. रेकॉर्ड म्हणून ती विलक्षण आहे, याबद्दल वाद नाही. दहा मिनिटं दोन आवाज एकमेकांना चुकवत, धूसर प्रतिध्वनीत हरवत चालतात. पण भाव त्या दहा मिनिटांचा नाही, बारा इंची चौकोनी पुठ्ठ्याचा आहे. गाणाऱ्यांना त्या फेरविक्रीतून काहीच मिळत नाही.

इथे कुणी म्हणेल, फेरविक्रीत कलावंताला वाटा द्या. चित्रांच्या बाबतीत फ्रान्सने हे 1920 मध्येच केलं. आपल्या कॉपीराइट कायद्यातही कलम 53 अ आहे: चित्र, शिल्प किंवा मूळ हस्तलिखित 10,000 रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं तर निर्मात्याला वाटा, कमाल दहा टक्के. अंमल किती होतो हा प्रश्न अलाहिदा. अमेरिकेत देशभर लागू असा हक्क चित्रकारांनाही नाही. रेकॉर्डींना तो लावावा, असं मला मात्र वाटत नाही. कारखान्यात छापलेल्या वस्तूच्या दर फेरविक्रीचा हिशेब कुणी ठेवू शकणार नाही. आणि ठेवला, तरी पैसे ज्या कंपनीच्या नावावर हक्क आहे तिच्याकडे जातील, कॅझकडे नाही.

कलावंताला पैशाआधी देता येण्यासारखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे नाव. भिजवून काढलेल्या लेबलची खरी किंमत मोजली ती ज्यांची गाणी वापरली गेली त्यांनी. हर्कने हॉलभर पोरांपुढे नाव लपवणं वेगळं आणि कंपन्यांनी तेच करून माल विकणं वेगळं. ‘आमेन, ब्रदर’ या 1969 च्या गाण्यातला सहा सेकंदांचा ड्रम अगणित गाण्यांत वापरला गेला. तो वाजवणारा ग्रेगरी कोलमन 2006 मध्ये बेघर अवस्थेत गेला. हे आपल्या अंगणापर्यंतही आलेलं आहे. 1981 च्या ‘ज्योती’ चित्रपटातलं लताबाईंचं ‘थोडा रेशम लगता है’ 2002 मध्ये ट्रूथ हर्ट्स या अमेरिकन गायिकेच्या ‘अ‍ॅडिक्टिव्ह’मध्ये उचललं गेलं, तेव्हा ना विचारणा, ना श्रेय. पुढच्या वर्षी लॉस एंजेलिसच्या न्यायालयाने बप्पी लाहिरींचं नाव घातल्याशिवाय विक्री करू नका असं बजावलं, तेव्हा कुठे लेबलवर नाव उमटलं.

नावं परत आणण्याचं काम मात्र केलं ते संग्राहकांनीच, आणि म्हणून त्यांच्यावर माझा राग टिकत नाही. लेनी रॉबर्ट्स आणि लू फ्लोरेस या दोघांनी 1986 ते 1991 या काळात ब्रेक असलेली जुनी गाणी एकत्र करणाऱ्या ‘अल्टिमेट ब्रेक्स अँड बीट्स’ या रेकॉर्डमालिकेचे 25 भाग काढले. जुन्या डीजेंनी जी नावं पाण्यात बुडवली होती, ती त्यांनी छापून प्रत्येक दुकानात ठेवली. परवानग्यांच्या बाबतीत सगळं चोख होतं असं कुणी म्हणणार नाही. जुन्या डीजेंना तर तो विश्वासघात वाटला असेल. पण दुर्मिळ ते सुलभ झालं, आणि पुढच्या पिढीने गाणी बनवली ती त्या 25 भागांतून. ज्याच्याकडे आहे त्याने ते वाटलं की संगीत पुढे जातं, याचं याहून थेट उदाहरण मला माहीत नाही.

आजच्या संग्राहकाला तेच करायचं असेल तर कायदा आडवा येतो. कंपनीच्या नावावरच्या 1979 च्या रेकॉर्डचा हक्क अमेरिकेत 95 वर्षांचा, म्हणजे 2074 संपेपर्यंत. कंपनी बुडाली, मालक वारला, वारस कोण ते ठाऊक नाही, हक्क जिवंत. 2018 च्या संगीत सुधारणा कायद्यात एक शहाणी तरतूद आहे. रेकॉर्ड बाजारात कुठे विकली जात नसेल, तर नीट शोध घ्यायचा, कॉपीराइट कार्यालयात नोटीस द्यायची, 90 दिवसांत हक्कदाराने हरकत घेतली नाही तर ना-नफा वापर करता येतो. पण ही वाट 15 फेब्रुवारी 1972 च्या आधीच्या ध्वनिमुद्रणांपुरती. हर्कच्या पार्टीच्या दीड वर्ष आधीची रेघ! अख्खं हिप-हॉप तिच्या पलीकडे पडतं. ती पुढे, निदान ऐंशीच्या दशकाच्या अखेरीपर्यंत, सरकवायला हवी. मोठ्या कंपन्यांचं यात काही जात नाही, कारण ज्या रेकॉर्डी त्या विकतात त्यांना हे लागूच होणार नाही.

आपल्याकडे 60 वर्षं उलटली की निदान ध्वनिमुद्रणापुरता हक्क संपतो, गीत-संगीताचा हिशेब वेगळा. मुंबईत 1990 पासून काम करणाऱ्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’च्या मंडळींना मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकड्या जमवून त्या एकत्र बसून ऐकताना, ऐकवताना मी पाहिलंय. त्यांच्यातही चढाओढ असते, नाही असं नाही. पण तिथे मोठेपणा मिळतो तो ऐकवणाऱ्याला.

संस्थांनी सगळं ताब्यात घ्यावं हा उपाय मला अर्धाच पटतो. कॉर्नेल विद्यापीठाने 2007 मध्ये योहान कुगेलबर्ग यांचा संग्रह घेऊन हिप-हॉपचं दालन उभं केलं. नीट नोंदी, योग्य तापमान, पुढच्या शंभर वर्षांची हमी. पण कॉर्नेल आहे इथाकाला, ब्रॉन्क्सपासून गाडीने चार-एक तासांवर, डोंगरातल्या महागड्या विद्यापीठात. सेजविक अव्हेन्यूवरच्या एखाद्या आजोबांना आपल्या तरुणपणाची रेकॉर्ड ऐकायला तिथवर जावं लागावं, हे काही ठीक दिसत नाही. ब्रॉन्क्समध्येच हिप-हॉप संग्रहालयाची पायाभरणी 2021 मध्ये झाली, ती जागा जास्त बरोबर. मात्र तिथेही काचेपलीकडे तबकडी आणि खाली पाटी एवढंच दिसणार असेल, तर लिलावघर आणि संग्रहालय यांत फरक फक्त तिकिटाचा. संग्राहकांकडून वस्तू मागूच नयेत असं माझं म्हणणं आहे. तबकडी त्याच्याकडे राहू दे. एका दुपारी ती आणून चांगल्या यंत्रावर वाजवू द्यावी, लेबल आणि कोरलेल्या नंबरांचे फोटो काढू द्यावेत, आणि मिंट असो की झिजलेली, दोन्ही सारख्याच आदराने उतरवून घ्याव्यात. त्या बदल्यात करात सवलत द्या, नाव द्या, काय हवं ते द्या. सील फोडल्याने पडणारा भाव भरून द्यायची वेळ आली तर तोही द्या. शहरं पुतळ्यांवर याहून जास्त खर्च करतात.

माझ्याकडे दुर्मिळ म्हणावं असं काही नाही. ‘गुड टाइम्स’ची एक बारा इंची आहे, जी कुठेही मिळते. बासचा तुकडा सुरू होण्याआधी ती इतकी खरखरते की पाहुण्यांना यंत्र बिघडल्यासारखं वाटतं. लेबलवर कुणीतरी काळ्या मार्करने मोठा ‘2’ काढला आहे, त्याबद्दल दुकानदाराने आपणहून दोन डॉलर कमी केले होते. म्हणजे त्या माणसाकडे ‘1’ही होती. दोन्ही शेजारी-शेजारी फिरत असणार, एक पुढे, एक मागे. ती दुसरी कुणाच्या कपाटात आहे, आहे की नाही, काही कळायला मार्ग नाही.